बटण दिसत नाही

जावईबापूंनी मेहुण्याच्या दवाखान्यासाठी वेबसाइट बनवली, इथपर्यंत सगळं छान होतं. मग ती लोकांनी उघडली, आणि घोटाळा झाला.

जावईबापू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण सासरची माणसं त्यांना तशीच हाक मारायची, आणि सासर पलीकडच्याच गल्लीत असल्यामुळे हळूहळू सगळी बिल्डिंग तशी हाक मारायला लागली. धंदा वेबसाइट बनवण्याचा, तोही घरी बसून. घरी बसून काम करणाऱ्या माणसाकडे बघायची लोकांची एक खास नजर असते. आजारी माणसाकडे बघतात तशीच, फक्त तिच्यात सहानुभूती नसते.

मेहुणा डोळ्यांचा डॉक्टर, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. हे काम जावईबापूंना मिळालं ते तिच्यामुळे. "दादा, बाहेर कशाला देतोस? घरात माणूस आहे," असं ती फोनवर इतक्या वेळा म्हणाली की शेवटी डॉक्टर दमले. नाहीतर काम साडूच्या घशात गेलंच होतं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जगातल्या कुठल्याही कामासाठी त्याच्या ओळखीत एकजण असतो. नळ गळतोय? ओळखीत एकजण आहे. विमा काढायचाय? आहे एकजण. हा एकजण आजवर कुणी पाहिलेला नव्हता, पण सासरी त्याचा मान जावईबापूंपेक्षा जास्त होता.

तर वेबसाइट झाली. वर दवाखान्याची माहिती, खाली डॉक्टरांचा हसरा फोटो, फोटोखाली पदव्या, आणि मध्ये एक हिरवं बटण: 'अपॉइंटमेंट घ्या'. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी रिसेप्शनच्या बाईंना सांगून टाकलं, सोमवारपासून फोनवर अपॉइंटमेंट द्यायची नाही. सगळं वेबसाइटवरून. ज्याची नोंद नाही त्याला आत सोडायचं नाही, मग तो कुणीही असो. बाईंना असले नियम फार आवडायचे.

सोमवारी दवाखान्यात कुणीच आत आलं नाही. मंगळवारीही नाही. काचेच्या टाकीतले मासे तेवढे इकडून तिकडे फिरत होते. बुधवारी डॉक्टरांचा फोन आला.

"जावईबापू, एक विचारू? राग मानू नका."

हे वाक्य कानावर पडलं की माणसाने राग मानायची तयारी सुरू करावी.

"विचारा ना."

"ते बटण तुम्ही लावलंय ना?"

"म्हणजे काय! हिरवंगार आहे. आत्ता इथून बघतोय मी."

"आईला दिसत नाही. पेशंटांनाही दिसत नाही. काल एक आजोबा दाराशी येऊन फोन नाचवत होते. बाईंनी आत घेतलं नाही."

"त्यांना नीट बघता आलं नसेल."

"जावईबापू," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ते माझे पेशंट आहेत. नीट बघता येत नाही म्हणूनच येतात."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "शनिवारपर्यंत बघा जमतंय का. नाहीतर राहू दे. धाकटे जावई म्हणत होते, त्यांच्या ओळखीत..."

"जमतंय!" जावईबापू ओरडले. "जमलेलंच आहे!"

फोन ठेवून त्यांनी मागे बघितलं. दारात बायको उभी होती. शनिवारी साडूच्या ओळखीतला एकजण दवाखान्यात शिरला, तर पुढे जन्मभर प्रत्येक घरगुती समारंभात आपल्याला कुठल्या कोपऱ्यातली खुर्ची मिळेल, ते जावईबापूंना तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता आलं.

आता जावईबापूंनी वेबसाइट तपासलेली नव्हती असं नाही. हे काम करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर खोटे फोन असतात. म्हणजे पडद्यावर फोनची चौकट येते, यादीतून हवं ते मॉडेल निवडायचं, की आपलं पान त्या चौकटीत दिसतं. जावईबापूंनी यादीतले सगळे फोन पालथे घातले होते. बटण सगळीकडे होतं. पण हा खोटा फोन म्हणजे कपड्यांच्या दुकानातला पुतळा. त्याला कुठलाही सदरा बसतो, कारण त्याला पोट नसतं. पोट असलेला फोन हवा असेल तर तो माणसाच्या खिशातूनच काढावा लागतो. तो वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा, मग फोनवरचं पान कॉम्प्युटरवर उलगडतं आणि नेमकं कुठे दुखतंय ते दाबून बघता येतं.

जावईबापूंच्या स्वतःच्या फोनवर बटण ठणठणीत होतं. बायकोच्याही. म्हणजे दुखणारा फोन शोधणं आलं. पहिला मान सासूबाईंचा होता, पण त्यांनी फोन द्यायला साफ नकार दिला.

"तासभरच लागेल, आई."

"तासभर? आणि मला कुणाचा फोन आला तर?"

"मी घेईन ना."

"म्हणूनच नको म्हणते."

मग जावईबापू वरच्या मजल्यावर काकूंकडे गेले. या काकू कुणाच्या नात्याने काकू होत्या हे बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. काकूंनी वेबसाइट उघडली, लांब धरली, जवळ धरली.

"नाही बाई बटण."

"नाही?" जावईबापूंचा चेहरा उजळला. "नक्की नाही?"

"नाही म्हटलं ना! त्यात हसण्यासारखं काय आहे?"

दुखणं सापडल्यावर वैद्याला होणारा आनंद पेशंटला कळत नाही. जावईबापूंनी काकूंना फोनसकट खाली आणलं.

इथे वायरीचा प्रश्न आला. प्रत्येक घरात एक ड्रॉवर असा असतो, ज्यात वायरी आपापसात संसार करत असतात. जावईबापूंनी तो ड्रॉवर उघडला, गुंता बाहेर काढला आणि एक वायर ओढली तर पाच आल्या. पहिली लावली. फोन चार्ज व्हायला लागला, पण कॉम्प्युटरला त्याची दखल नाही. दुसरी लावली, तेच. काही वायरी फक्त वीज नेतात, बाकी कशात लक्ष घालत नाहीत. काही माणसं नाही का नुसती जेवायला येत, तशा.

"फोन जरा फ्रीजमध्ये ठेवून बघता का?" काकूंनी सुचवलं. "माझ्या बहिणीचा तसाच सुरू झाला होता."

"काकू, फोन सुरूच आहे."

"मग काढून ठेवा ना, उगीच कशाला त्रास देताय त्याला."

शेवटची वायर बायकोने टेबलफॅनच्या मागून काढून दिली, ती चालली. पण आता फोन तयार होईना. फोनला आधी सांगावं लागतं की याचा मालक जाणकार आहे, तेव्हा आतलं सगळं उघड कर. ते सांगायची पद्धत मोठी गमतीची. सेटिंगमध्ये खोल जाऊन एका निरुपयोगी दिसणाऱ्या ओळीवर टिचक्या मारत सुटायचं. जावईबापू टिचक्या मारायला लागले, तेव्हा काकू काळजीने बायकोला म्हणाल्या, "फार ताण पडतोय का गं यांच्यावर?" इतक्यात फोनवर अक्षरं उमटली: 'अभिनंदन! तुम्ही आता डेव्हलपर आहात.'

काकूंनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग जावईबापूंकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही आहात तेच ना?"

"हो, तसं... म्हणजे तसं नाही, काकू. ते फोनपुरतं..."

"तुम्हाला किती वर्षं लागली होती?"

बायकोला अचानक स्वयंपाकघरात काम आठवलं. तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

फोन जोडला गेला, आणि आणखी एक भानगड झाली. जोडलेल्या फोनवर जी जी पानं उघडी असतात, त्यांची यादी कॉम्प्युटरवर येते. काकूंना उघडलेलं पान बंद करतात हे माहीतच नव्हतं. यादी आली ती आलीच. गुडघेदुखीवर उपाय. ढेकूण कसे घालवावेत. सुनेशी कसं बोलावं. आणि मधोमध: 'घरी बसून काम करणारी माणसं दिवसभर नक्की काय करतात?'

जावईबापूंनी ते वाचलं. काकूंनी ते जावईबापूंना वाचताना बघितलं.

"ते आपलं सहज," काकू म्हणाल्या. "उत्तर काही मिळालं नाही."

काकू घरी जाऊन आपण डेव्हलपर झाल्याचं जिन्यातल्या सगळ्यांना सांगून आल्या. परिणाम असा झाला, की थोड्याच वेळात दारात हेडमास्तर उभे. हेडमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते शाळेतून निवृत्त झाले होते, हेडमास्तरकीतून नाही. सध्या ते बिल्डिंगच्या कमिटीचे अध्यक्ष होते.

"तुम्ही रहिवाशांच्या फोनला वायरी लावताय, असं कळलं. कमिटीची परवानगी?"

जावईबापूंनी सगळी हकिगत सांगितली. डॉक्टर, बटण, शनिवार. साडूचाही उल्लेख केला, कारण हेडमास्तरांनाही एक साडू होता. हेडमास्तर विरघळले. "मीही त्याच डॉक्टरांकडे जातो. सोमवारपासून अपॉइंटमेंट घ्यायचा प्रयत्न करतोय. घ्या माझाही फोन. आणि मलाही ते काकूंना केलंत ते करा."

हेडमास्तर डेव्हलपर झाले. फोन जोडला. फोनने विचारलं, या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? आणि खाली चौकोन होता: 'या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी द्या.'

"नेहमी?" हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला. "नेहमी म्हणजे कधीपर्यंत?"

"अहो, तिथे नुसती खूण करायची असते."

"नुसती खूण करूनच लोकांची घरं गेलीत. आणि ही वर अक्षरं कसली?"

वर कॉम्प्युटरची ओळख पटवणारी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ होती. जगात आजवर ती कुणी वाचलेली नाही. हेडमास्तर वाचायला लागले. मोठ्याने, एकेक अक्षर, हजेरी घेतल्यासारखं. "तुम्ही तिकडे ताडून बघा," त्यांनी फर्मावलं. निम्म्यात पोचले तेवढ्यात फोन झोपला, आणि प्रश्न नाहीसा झाला. पुन्हा वायर काढली, पुन्हा लावली. प्रश्न पुन्हा आला. हेडमास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला बायकोने चहाचा कप पुढे केला. हेडमास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि जावईबापूंनी मधल्या मध्ये परवानगी देऊन टाकली.

हेडमास्तरांची यादी कॉम्प्युटरवर आली. टकलावर पुन्हा केस उगवतात का, या विषयाचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. नेहमी म्हणजे कधीपर्यंत, हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, असं जावईबापूंना वाटून गेलं.

असो. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर बटण नाही. आता कामाला लागायचं. कॉम्प्युटरवर पानाचा एकेक भाग ओळीने लिहिलेला दिसतो. ज्या ओळीवर बाण न्यावा, तो भाग तिकडे फोनवर निळा होतो. जावईबापूंनी बाण मथळ्यावर नेला, मथळा निळा झाला. पत्त्यावर नेला, पत्ता निळा झाला. मग त्यांनी बाण बटणाच्या ओळीवर नेला.

डॉक्टरांचा चेहरा निळा झाला.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "डॉक्टरांना काय झालं?"

जावईबापूंनी बाण काढला. डॉक्टर पूर्ववत हसायला लागले. पुन्हा नेला. पुन्हा निळे. बटण होतं. जिथे असायचं तिथेच होतं. फक्त डॉक्टरांच्या मागे होतं.

"पण यांच्याच फोनवर का?" बायकोने दोन्ही फोन हातात घेतले. "आणि यांची अक्षरं केवढी मोठी आहेत हो!"

"मग? लहान दिसतात कुणाला?" काकू म्हणाल्या. "आमच्या वयाच्या सगळ्यांनी मोठी करून घेतलीत."

जावईबापूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी डॉक्टरांचा फोटो खाली खिळा मारल्यासारखा पक्का बसवला होता, कारण डॉक्टरांचाच हट्ट होता की पान वर-खाली केलं तरी फोटो हलता कामा नये. अक्षरं मोठी झाली, की वरचा मजकूर फुगायचा, बटणाला खाली ढकलायचा, आणि पान तिथेच संपत असल्यामुळे बटण बिचारं कायमचं फोटोच्या पाठीमागे जाऊन बसायचं. ज्यांची नजर चांगली, अक्षरं बारीक, त्यांना बटण मस्त दिसत होतं. पण त्यांना डॉक्टरकडे जायचंच नव्हतं. ज्यांना जायचं होतं त्यांच्या वाटेत डॉक्टर स्वतः उभे होते, हसत.

"म्हणजे सोमवारपासून," हेडमास्तर सावकाश म्हणाले, "मी डॉक्टरांच्या नाकावर बोट दाबतोय?"

जावईबापूंनी कॉम्प्युटरवरून फोटो लहान केला, खाली सरकवला. दोन्ही फोनवर हिरवं बटण टुणकन उडी मारून बाहेर आलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी "शाब्बास" म्हटलं, जे ते सहसा कुणाला म्हणत नसत. जावईबापूंनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. "झालं! आईंना बघायला सांगा."

पलीकडे खुडबुड झाली. सासूबाईंचा आवाज आला. "काही नाही झालं. तसाच हसतोय हा."

"असं कसं? काकू, तुम्ही जरा पान नव्याने उघडा बरं."

काकूंनी उघडलं. बटण गेलं. हेडमास्तरांनी उघडलं. त्यांचंही गेलं.

"होतं तेही घालवलंत," काकू म्हणाल्या.

या धंद्यात नवशिके करतात ती चूक जावईबापूंनी केली होती. वायरीवरून जी दुरुस्ती करतात ती फक्त समोरच्या फोनपुरती, रंगीत तालमीसारखी. खरा बदल मूळ वेबसाइटमध्ये करायचा असतो. आनंदाच्या भरात ते राहून गेलं होतं. तेही दोन डेव्हलपरांसमोर.

"सवय हवी," हेडमास्तर काकूंना हळूच म्हणाले. काकूंनी समजूतदारपणे मान हलवली.

आता मूळ वेबसाइटमध्ये बदल करायचा तर फोटो लहान करायचा, आणि त्याला डॉक्टरांची संमती हवी. जावईबापूंनी धीर करून विषय काढला.

"फोटो लहान?" डॉक्टर म्हणाले. "फोटोचा काय संबंध? तो धाकट्या जावयांनी काढलाय. चांगला कॅमेरा घेऊन आले होते."

साडू! जावईबापूंच्या मुठी वळल्या. बायकोने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"दादा, ऐक. तू स्वतःच्या दवाखान्याच्या दारात उभा आहेस, आणि कुणाला आत येऊ देत नाहीयेस."

"पण पेशंटला विश्वास वाटायला नको का गं? चेहरा बघून..."

"चेहरा बघून बघूनच तर कंटाळलेत ते. हेडमास्तरांनी सोमवारपासून तुझं नाक दाबलंय."

"नाक?"

"मागे लपलेलं बटण सापडावं म्हणून. लहान करायचा का नाही? का बोलावतोस त्या ओळखीतल्या एकजणाला? तो आधी तुझा फोटोच काढून टाकील."

पलीकडून उसासा ऐकू आला. "बरं. करा लहान. पण पदव्या राहू देत."

"राहू देत," बायको म्हणाली. "अक्षरं मोठी केल्याशिवाय वाचताच येणार नाहीत इतक्या बारीक ठेवतील हे."

दुपारपर्यंत जावईबापूंनी खरी दुरुस्ती केली. मग काकूंनी पान नव्याने उघडलं, आणि बटण होतं. हेडमास्तरांनी उघडलं, होतं. सासूबाईंनी पलीकडच्या गल्लीत उघडलं आणि न सांगता बंद केलं, म्हणजे तिथेही होतंच. काकूंनी जिन्यात उभं राहून आपण आणि हेडमास्तरांनी मिळून वेबसाइट दुरुस्त केल्याचं जाहीर केलं. "जावईबापूंनी वायर दिली," असंही त्या सांगायला विसरल्या नाहीत.

शनिवारी सकाळी जावईबापूंनी इस्त्रीचा सदरा घातला आणि दवाखान्याकडे निघाले. काही नाही, सहज. मेहुण्याने चार माणसांत पाठीवर थाप मारली तर आपण तिथे असावं, एवढंच.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरही माणसं होती. आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या. त्यातले एक म्हणजे फोन नाचवणारे तेच आजोबा असणार, कारण ते शेजाऱ्याला फोन दाखवून "हे बघा, हिरवं" म्हणत होते. हेडमास्तर पहिल्या रांगेत ताठ बसले होते. आणि दाराबाहेर, भिंतीला टेकून, साडू उभा होता.

"या, या," साडू म्हणाला. चेहरा जरा उतरलेला. "दादांना भेटायला आलो होतो. त्या कामाचं बोलायला. बाई आत सोडत नाहीत."

"थांबा, मी बघतो," म्हणून जावईबापू रुबाबात आत शिरले.

"अपॉइंटमेंट आहे?" रिसेप्शनच्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"मी... म्हणजे मीच तो. डॉक्टर माझे मेहुणे. ही वेबसाइट मी केलीय."

"मग तुम्हाला तर माहीतच असेल," बाई म्हणाल्या. "वेबसाइटवरून घ्यायची."

जावईबापू बाहेर आले. साडूकडे न बघता फोन काढला, पान उघडलं, हिरव्या बटणावर बोट ठेवलं. क्षणभर काही झालं नाही. मग अक्षरं आली: 'क्षमस्व. आजच्या सर्व वेळा भरल्या आहेत.'

हे वाक्य त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, एका कोपऱ्यात, कुणाला कधी दिसेल अशी अपेक्षा न ठेवता. ते कसं दिसतं हेही त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग शेजारी सरकून फोन साडूच्या तोंडासमोर धरला. साडूनेही वाचलं, आणि तो पायऱ्या उतरायला लागला.

हातातला फोन थरथरला. बायको होती.

"काय हो, दादा भेटला का? काय म्हणाला?"

"नाही भेटला," जावईबापू म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. "मला द्यायला वेळच नाही गं त्याच्याकडे!"